तोंड-घशाच्या कॅन्सरवर वनस्पतींतली रसायनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक म्हणजे हॉस्पिटलच्या फेऱ्या आणि दुसरी म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारे उपाय. हळद, गुळवेल, कडुनिंब, सदाफुली, ग्रीन टी, द्राक्षाच्या बिया. बहुतेक निरोपांच्या शेवटी ‘संशोधनात सिद्ध झालंय’ असं एक वाक्य असतं. ते संशोधन कुणावर झालं, किती मात्रेत झालं आणि कशाशी तुलना करून झालं, हे सांगण्यासाठी हे पान लिहिलं आहे. रुग्ण, नातेवाईक आणि या विषयात प्रकल्प करणारे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच इथे घेतले आहेत. उपचाराचा निर्णय मात्र तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांशी बोलूनच घ्या.

‘हेड अँड नेक’ कॅन्सर म्हणजे नेमका कुठला?

ओठ, जीभ, गालाचा आतला भाग, हिरडी, टाळू, घसा, स्वरयंत्र, नाकाची पोकळी आणि लाळग्रंथी यांचे कॅन्सर या नावाखाली येतात. मेंदूचा कॅन्सर यात येत नाही. यातले बहुतेक कॅन्सर तोंड-घशाच्या आतल्या अस्तरातल्या चपट्या पेशींपासून सुरू होतात. भारतात २०२२ या एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. जगात या कॅन्सरचे जेवढे नवे रुग्ण सापडतात, त्यांतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा आपला आहे. तंबाखू, मशेरी, गुटखा, सुपारी आणि दारू ही आपल्याकडची मुख्य कारणं.

झाडापासून कॅन्सरचं औषध खरंच निघालं आहे का, की नुसत्या गप्पा आहेत?

निघालं आहे, आणि त्या गोष्टीत नंदुरबारचा एक माणूस आहे.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले, तिथे पीएचडी केली आणि १९६२ पासून नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून ‘पॅसिफिक यू’ या सावकाश वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडाची साल गोळा झाली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने वनस्पती पद्धतशीर तपासण्याचा मोठा कार्यक्रम तेव्हा हाती घेतला होता. त्यातलीच ती साल. तिच्या अर्कात पेशी मारण्याची ताकद दिसली. मग अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा, जो चालतो त्याचे पुन्हा भाग पाडायचे, असं करत वॉल आणि वाणी एका शुद्ध रेणूपर्यंत पोचले. १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. तोच टॅक्सॉल, म्हणजे आजचं पॅक्लिटॅक्सेल.

त्यानंतर बरीच वर्षं त्याकडे फार कुणी वळलं नाही. झाडाची साल थोडी, त्यात औषध त्याहून थोडं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉरविट्झ यांनी ते काम कसं करतं हे दाखवलं. पेशीचं विभाजन होताना ज्या सूक्ष्म नलिका बनतात आणि मोडतात, त्या हे औषध मोडूच देत नाही, त्यामुळे विभाजन अर्ध्यावर अडकतं. ही यंत्रणा तोवर कुणाला माहीत नव्हती, म्हणून रस परत जागा झाला. माणसांवरच्या चाचण्या १९८० च्या दशकात सुरू झाल्या आणि डिसेंबर १९९२ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली. साल गोळा झाल्यापासून औषध हाती येईपर्यंत तीस वर्षं गेली.

वॉल-वाणी जोडीचंच दुसरं रसायन कॅम्प्टोथेसिन. ते १९६६ मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं गेलं. तेच रसायन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही भरपूर आहे, हे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं. नरक्याच्या लाकडाची आणि सालीची चोरटी तोड होते ती याच कारणाने. सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधं आली. कॅनडात १९५८ च्या सुमारास मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून सदाफुलीचा अर्क तपासत होते. साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. त्यातून रक्ताच्या कॅन्सरची औषधं मिळाली.

मग यातलं कुठलं औषध तोंड-घशाच्या कॅन्सरला वापरतात?

पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेल. डोसेटॅक्सेल हे पॅक्लिटॅक्सेलचं भावंड. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाने युरोपियन यू झाडाच्या सुईसारख्या पानांतून एक पूर्वरसायन काढलं आणि प्रयोगशाळेत त्याला बदलून औषध तयार केलं. पानं तोडली तरी झाड जगतं, त्यामुळे सालीचा प्रश्न मिटला. २००७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. त्यातल्या ५०१ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या दोन केमोऔषधांना डोसेटॅक्सेलची जोड दिल्यावर तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेलं.

आपल्यासाठी याहून महत्त्वाची चाचणी मुंबईच्या टाटा मेमोरियलची आहे, आणि तिच्याबद्दल मराठीत पुरेसं बोललं जात नाही याचं वाईट वाटतं. घशा-तोंडाच्या वाढलेल्या कॅन्सरला रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे औषध देतात. पण किडनी कमजोर असेल, ऐकू कमी येत असेल किंवा प्रकृती तोळामासा असेल तर सिस्प्लॅटिन देता येत नाही. अशा रुग्णांना वर्षानुवर्षं नुसतं रेडिएशन मिळत होतं. टाटाच्या डॉक्टरांनी २०१७ ते २०२१ या काळात अशा ३५६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नुसतं रेडिएशन दिलं, दुसऱ्याला रेडिएशनबरोबर आठवड्यातून एकदा कमी मात्रेत डोसेटॅक्सेल दिलं. दोन वर्षांनी पहिल्या गटात १०० पैकी ४२ जण जिवंत होते, दुसऱ्यात ५१. आजार न उलटता जिवंत असलेले पहिल्या गटात १०० पैकी ३०, दुसऱ्यात ४२. त्याची किंमतही होती. तोंड-घसा तीव्र सोलवटण्याचं प्रमाण २२ टक्क्यांवरून जवळजवळ ५० टक्क्यांवर गेलं. हे निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

वनस्पतीतून आलेलं औषध ‘सिद्ध झालं’ असं म्हणायला काय लागतं, ते इथे दिसतं. किती माणसं, कशाशी तुलना, किती वर्षांनी मोजलं, आणि त्रास किती वाढला. हे चारही आकडे समोर ठेवता येतात.

‘अमुक अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या’ अशी बातमी असते. ती खोटी असते का?

बहुतेक वेळा खरी असते, फक्त ती काचेच्या ताटलीतल्या पेशींची असते. ताटलीतल्या पेशींवर औषध थेट ओततात. तिथे पोट नाही, यकृत नाही, रक्तप्रवाह नाही. पुरेशी मात्रा टाकली तर मीठ, साबण आणि अल्कोहोल यांनीही त्या पेशी मरतात. म्हणून पेशी मेल्या का, एवढ्यावर थांबता येत नाही. किती मात्रेत मेल्या, ती मात्रा माणसाच्या रक्तात कधी पोचू शकते का, आणि त्याच मात्रेत निरोगी पेशी जगल्या का, हे विचारावं लागतं.

शोधनिबंधात ‘आयसी-५०’ असा शब्द दिसेल. निम्म्या पेशींची वाढ थांबवायला लागणारी मात्रा, असा त्याचा अर्थ. आकडा जितका लहान, तितकं रसायन प्रभावी. शुद्ध रसायनाचा आकडा दहा-वीस मायक्रोमोलरच्या (द्रवात रसायन किती आहे हे मोजायचं एकक) वर असेल आणि ते तोंडावाटे घेऊन रक्तात एक मायक्रोमोलरही पोचत नसेल, तर बातमी छापण्याजोगी असली तरी गोळी बनवण्याजोगी नसते.

‘केबी’ पेशींवर प्रयोग केला, म्हणजे तोंडाच्या कॅन्सरवर केला ना?

नाही. हा प्रश्न जरा सविस्तर घेतो, कारण भारतातल्या असंख्य वनस्पती-निबंधांत हीच गफलत आहे.

केबी नावाची पेशीमालिका (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी) १९५० च्या दशकात तोंडाच्या कॅन्सरपासून तयार झाली, असं तेव्हा मानलं गेलं. प्रत्यक्षात त्या पेशींत हेला पेशी मिसळल्या होत्या आणि हेलाने मूळ पेशींना केव्हाच संपवलं होतं. हेला या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी. त्या इतक्या जोमाने वाढतात की दुसऱ्या बाटलीत एक थेंब गेला तरी ती बाटली त्यांची होते. स्टॅन्ले गार्टलर यांनी १९६६-६७ मध्येच हा धोका उघड केला. स्वरयंत्राच्या कॅन्सरची म्हणून वापरली जाणारी हेप-२ मालिकासुद्धा हेलाच निघाली.

तरीही आजही ‘तोंडाच्या कॅन्सरच्या केबी पेशींवर अमुक पानाचा अर्क’ असे निबंध निघतात. लिहिणाऱ्यांची मेहनत खरी असते. पण ज्या आजाराचं नाव मथळ्यात असतं, त्याबद्दल तो निबंध काहीच सांगत नाही. तोंडात तंबाखू-सुपारीमुळे झालेला कॅन्सर आणि एचपीव्ही या विषाणूमुळे झालेला गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची आतली रचनाच निराळी असते.

या कॅन्सरसाठी खऱ्या मालिका उपलब्ध आहेत. जिभेच्या कॅल-२७ आणि एससीसी-२५, घशाची फाडू. मुंबईत टाटा मेमोरियलच्या रुग्णांपासून तयार झालेली एडब्ल्यू-१३५१६ ही जिभेच्या कॅन्सरचीच आहे. आणखी एक माहिती कमी जणांना असते. अमेरिकेच्या कर्करोग संस्थेचा ६० पेशीमालिकांचा जो प्रसिद्ध संच आहे, ज्यावर जगभरची हजारो रसायनं तपासली गेली, त्यात डोके-मान कॅन्सरची एकही मालिका नाही. ‘६० प्रकारच्या कॅन्सर पेशींवर तपासलं’ असा दावा दिसला, तरी आपला आजार त्यात नसतो.

प्राण्यांवर चांगला परिणाम दिसला असेल तर?

एक पायरी वर. हॅमस्टरच्या गालातल्या पिशवीला कॅन्सरकारक रसायन लावून गाठ तयार करतात, किंवा उंदराच्या पिण्याच्या पाण्यात तसं रसायन घालतात. मग वनस्पतीतलं रसायन देऊन गाठी कमी होतात का ते बघतात. कडुनिंबाच्या निंबोलाइडवर असं बरंच काम भारतात झालंय. पण यात बऱ्याचदा औषध गाठ होण्याच्या आधीपासून किंवा बरोबरच दिलेलं असतं. चौथ्या टप्प्यातली, मानेतल्या गाठींपर्यंत पसरलेली गाठ घेऊन आलेल्या माणसाला त्याचा आधार देता येत नाही.

हळदीचं काय? सगळे तर हळदीबद्दलच बोलतात.

हळदीतलं पिवळं रसायन कर्क्युमिन. वजनाच्या साधारण ३ टक्के. प्रयोगशाळेत त्याचे इतके परिणाम दिसले आहेत की यादी करणं कठीण. अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली, ते रक्तात जवळजवळ पोचतच नाही. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तातली सरासरी कमाल पातळी १.७७ मायक्रोमोलर इतकीच आली. ताटलीतल्या प्रयोगांत बहुधा १० ते ५० वापरतात. ८ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे पाव किलोहून जास्त हळद, रोज.

दुसरी अडचण प्रयोगांचीच. कर्क्युमिन स्वतः चमकतं, अनेक प्रथिनांना चिकटतं आणि लवकर तुटतं. त्यामुळे औषधशोधाच्या नेहमीच्या चाचण्यांत ते खोटा होकार देऊ शकतं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी एका सविस्तर आढाव्यात हे स्पष्ट मांडलं. या विषयातल्या अतिशय गाजलेल्या एका संशोधकाचे अनेक निबंध नियतकालिकांनी मागेही घेतले आहेत.

तरी हळदीला मोडीत काढण्याचं कारण नाही. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर, ज्यांतून पुढे कॅन्सर होऊ शकतो, भारतात एक नीट आखलेली चाचणी झाली. २२३ जण, सहा महिने, निम्म्यांना रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. निकाल २०१६ मध्ये आले. चट्टा कमी झाल्याचं प्रमाण कर्क्युमिन गटात ६७.५ टक्के, दुसऱ्या गटात ५५.३ टक्के. फरक खरा, पण माफक. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची स्थिती तपासली तेव्हा मात्र दोन गटांत फरक आढळला नाही. आणि बघा, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांतही निम्म्याहून जास्त लोकांचे चट्टे कमी झाले. तुलनेचा गट नसता तर ‘हळदीने ६७ टक्के रुग्ण सुधारले’ अशीच बातमी झाली असती.

हे सगळं चट्ट्यांबद्दल आहे. झालेला कॅन्सर हळदीने बरा होतो असं दाखवणारी चाचणी नाही. स्वयंपाकातली हळद खुशाल खा.

पांढऱ्या चट्ट्यांवर आणखी काही तपासलं गेलंय का?

ग्रीन टीचा अर्क अमेरिकेत ४१ जणांवर तपासला. २००९ चे निकाल. अर्क घेणाऱ्यांत ५० टक्के, न घेणाऱ्यांत १८ टक्के जणांचे चट्टे सुधारले, पण संख्या इतकी लहान की फरक योगायोगाचाही असू शकतो. पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं.

सोयाबीनमधल्या एका प्रथिनाची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. आधी ३२ जणांच्या छोट्या अभ्यासात जवळजवळ तिसऱ्या हिश्शाला फायदा दिसला आणि खूप आशा निर्माण झाली. मग मोठी, बिनऔषधी गोळीशी तुलना करणारी चाचणी केली. २०१३ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत चट्टे सारखेच कमी झाले. चट्टे आपोआपही कमी-जास्त होत असतात. तंबाखू सोडली तर बऱ्याचदा कमी होतात.

टाटाची १०० रुपयांची गोळी आली म्हणे. ती वनस्पतीचीच ना?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ही बातमी खूप फिरली. गोळीतलं रेझव्हेराट्रॉल हे द्राक्षं आणि शेंगदाण्यात सापडणारं रसायन आहे, आणि त्याला तांब्याची जोड आहे. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने ही कल्पना मांडली. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले गुणसूत्रांचे तुकडे निरोगी पेशींत शिरून त्यांना बिघडवतात, आणि रेझव्हेराट्रॉल-तांबं मिळून तयार होणारे ऑक्सिजनचे मुक्त मूलक (फ्री रॅडिकल) ते तुकडे नष्ट करतात, असा त्यांचा सिद्धांत. तोंडाच्या कॅन्सरच्या सुमारे २५ रुग्णांवर, शस्त्रक्रियेच्या आधीचे दोन आठवडे वापरून, एक छोटा अभ्यास झाला. त्यात गाठीतली काही जैविक चिन्हं सुधारलेली दिसली.

कल्पना मोलाची आहे आणि आपल्याकडची आहे, म्हणून जास्त जपून वाचली पाहिजे. त्या अभ्यासाने जैविक चिन्हं मोजली. रुग्ण जास्त जगले का, आजार उलटणं थांबलं का, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी मोठ्या चाचण्या लागतात. बाजारात मिळणाऱ्या रेझव्हेराट्रॉलच्या गोळ्या आणून स्वतःच तांब्याबरोबर घेऊ नका.

पण नैसर्गिक आहे, मग अपाय तर होणार नाही ना?

या एका समजुतीने सगळ्यात जास्त नुकसान होतं. तंबाखू हे पान आहे. सुपारी हे फळ आहे, आणि २००४ पासून ती माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात आहे. तोंड उघडेनासं करणाऱ्या आजाराला जबाबदार असलेलं अरेकोलिन हे सुपारीतलंच, शंभर टक्के नैसर्गिक रसायन. आपल्याकडे हा कॅन्सर बहुतेक वेळा वनस्पतींनीच दिलेला आहे.

कॅनडातल्या क्वेबेकमधली एक चाचणी प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवी. डोके-मान कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या, रेडिएशन घेणाऱ्या ५४० रुग्णांना ई जीवनसत्त्व आणि गाजरातलं बीटा-कॅरोटीन किंवा बिनऔषधी गोळी देण्यात आली. उद्देश चांगला होता: त्रास कमी व्हावा, दुसरा कॅन्सर होऊ नये. झालं उलटंच. गोळ्या चालू असताना दुसरा कॅन्सर होण्याचं प्रमाण वाढलं, आणि पुढे मृत्यूही गोळ्या घेणाऱ्यांत जास्त झाले. त्याआधी फिनलंडमधल्या २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढल्याचं १९९४ मध्ये दिसलं होतं. गाजर खाणं वेगळं आणि त्यातलं एक रसायन काढून रोज मोठ्या मात्रेत घेणं वेगळं.

यकृताचंही बघावं लागतं. ग्रीन टीचे अर्क आणि हळदीच्या तीव्र गोळ्या यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, केमो चालू असताना यकृतावर आणखी ओझं टाकणं शहाणपणाचं नाही.

उपचार चालू असताना काढा किंवा हर्बल गोळ्या घेतल्या तर चालेल का?

डॉक्टरांना बाटली दाखवून मगच. ‘ओरडतील’ म्हणून लपवू नका. डोसेटॅक्सेल यकृतातल्या ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) शरीराबाहेर टाकलं जातं, ते विकर मिऱ्यातल्या पिपेरिनने मंदावू शकतं. कर्क्युमिनच्या अनेक गोळ्यांत पिपेरिन मुद्दाम घातलेलं असतं, कारण त्याने कर्क्युमिन सुमारे वीस पट जास्त शोषलं जातं असं बेंगळुरूच्या १९९८ च्या अभ्यासात दिसलं. जे पिपेरिन कर्क्युमिनला रक्तात थांबवतं, ते तुमच्या केमोलाही थांबवू शकतं, आणि मग केमोचा त्रास वाढतो. आमटीतल्या चिमूटभर मिऱ्याची काळजी करू नका. प्रश्न रोजच्या कॅप्सूलचा आहे.

आधी दोन-तीन महिने झाडपाला करून बघितला तर?

नको. तोंडाचा कॅन्सर तेवढ्या वेळात पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जाऊ शकतो. जी गाठ छोट्या शस्त्रक्रियेत निघाली असती, तिच्यासाठी मग जबडा किंवा अर्धी जीभ काढावी लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बऱ्या होण्याजोग्या कॅन्सरच्या ज्या २८१ रुग्णांनी फक्त पर्यायी उपचार निवडले, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट होता. त्यात स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस आणि आतड्याचे कॅन्सर होते. तोंडाचा कॅन्सर थांबून राहील असं मानायला काही आधार नाही.

सदाफुलीची पानं रोज चावतो. औषध तिच्यातूनच बनतं ना?

कृपया बंद करा. व्हिन्क्रिस्टिनची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. एका पानात किती आहे हे कुणीच सांगू शकत नाही, आणि जास्त झालं तर नसा व अस्थिमज्जा यांना इजा होते. शिवाय ही औषधं तोंड-घशाच्या कॅन्सरच्या मुख्य उपचारात नाहीत. नरक्याची साल उगाळून घेणंही तितकंच धोक्याचं. शुद्ध कॅम्प्टोथेसिनचं क्षाररूप माणसांवर तपासलं गेलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे रेणूत बदल करून सुसह्य औषधं बनली.

आयुर्वेदिक औषधांना अशा चाचण्या लागतात का?

ग्रंथोक्त औषधांना बाजारात येण्यासाठी नव्या आधुनिक औषधासारख्या टप्प्याटप्प्यांच्या चाचण्या लागत नाहीत. मात्र २०१५ पासून भारतात ‘फायटोफार्मास्युटिकल’ हा वेगळा वर्ग आहे. वनस्पतीचा शुद्ध केलेला, प्रमाणित अर्क, ज्यातली किमान चार रसायनं मोजून ठरवलेली आहेत, तो या वर्गात आधुनिक औषधासारखाच तपासून मंजूर होऊ शकतो. मला हा रस्ता फार आशादायक वाटतो. एक रेणू वेगळा काढण्याची सक्ती नाही, पण प्रत्येक बाटलीत तेच आणि तेवढंच असल्याची खात्री द्यावी लागते. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला मात्र १९५४ च्या कायद्याने कुणालाच परवानगी नाही. तशी जाहिरात दिसली तर ती बेकायदा आहे, औषध कुठल्याही पॅथीचं असो.

झाडाचं पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्या असे शोध दाबतात, हे खरं आहे का?

पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेलने कंपन्यांना अमाप पैसा मिळवून दिला, म्हणजे झाडातून आलेल्या औषधाला कुणी दाबत नाही. पैशाची अडचण मात्र खरी आहे. स्वस्त, पेटंट नसलेल्या औषधावर मोठी चाचणी करायला खासगी पैसा सहसा येत नाही. टाटाची डोसेटॅक्सेल चाचणी म्हणूनच मोलाची: पेटंट संपलेलं औषध, कमी मात्रा, आपले रुग्ण, आपले डॉक्टर.

मी एमएस्सी करतोय/करतेय. अशा प्रकल्पात काय सांभाळू?

वनस्पती नेमकी कुठली, हे वनस्पतिशास्त्रज्ञाकडून नक्की करून घ्या आणि नमुना जपून ठेवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था इथे त्यासाठी विचारता येतं. पेशीमालिका पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणाहून घ्या, केबी आणि हेप-२ टाळा, आणि मालिकेची डीएनए-ओळख तपासून घ्या. निरोगी पेशींवर तोच प्रयोग करा. अर्क ज्या द्रावकात विरघळवलात, तो नुसता द्रावकही एका ताटलीत टाकून बघा. ओळखीचं औषध, उदाहरणार्थ सिस्प्लॅटिन किंवा पॅक्लिटॅक्सेल, शेजारी ठेवा, म्हणजे तुमचा अर्क त्यापुढे कुठे उभा राहतो ते दिसेल.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर कुठे बघायचं, आणि आपले हक्क काय?

भारतातली प्रत्येक औषधचाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत असावी लागते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची झाली. संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येतं. कुणी ‘आमच्याकडे ट्रायल आहे’ म्हणालं तर नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर तिथून निघा. चाचणीतल्या औषधाचे पैसे मागितले तरीही निघा.

२०१९ च्या नियमांनुसार तुम्हाला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक मिळालं पाहिजे. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर ते वाचून दाखवावं लागतं. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई द्यावी लागते. सही करण्याआधी इतकं विचारा: मला नेहमीचे उपचार मिळतील का, त्यात हे जास्तीचं आहे का, की त्याच्या जागी आहे? नेहमीच्या उपचाराच्या जागी असेल, तर दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. माहितीपत्रक घरी नेऊन वाचायला मागा. चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या नीतिमत्ता समितीचा संपर्क त्याच कागदावर असतो, शंका असेल तर सरळ तिथे फोन करा.